चिपच्या पोटात : ३० ऑक्टोबरचं काय?

आज खरं तर मेल्टडाउन या इंटेलच्या चिपमधल्या सुरक्षा-दोषावरच्या उताऱ्याबद्दल लिहायचं होतं. कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, आणि तुमच्याआमच्या प्रोग्रॅमची पानं वेगळी कशी केली, त्यात वेग का गेला, हे सगळं. ते पुढे ढकलतोय. गेल्या भागात जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो, की या जातीच्या दोषाची पहिली खबर इंटेलला १ जून २०१७ ला मिळाली आणि जगाला मिळाली ३ जानेवारी २०१८ ला. त्यावर हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका वाचकांनी विचारलंय, ‘मधल्या सात महिन्यांत इंटेलच्या मोठ्या साहेबांनी शेअर विकले होते म्हणतात, ते खरं का? आणि खरं असेल तर ते सुटले कसे? आम्हाला कंपनीचे चार शेअर विकायचे तरी आधी परवानगी काढावी लागते.’

या विषयावर मला कुणी छेडलं की मी थांबत नाही, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा आज चिपचं पोट बाजूला, आज चिप बनवणाऱ्यांचा खिसा.

हो, विकले होते. इंटेलचे तेव्हाचे मुख्याधिकारी ब्रायन क्रझानिच यांनी २९ नोव्हेंबर २०१७ रोजी एका दिवसात ८,८९,८७८ शेअर विकले. यातले ६,४४,१३५ शेअर ऑप्शनचे होते, म्हणजे कंपनीने पूर्वी ठरवून दिलेल्या स्वस्त भावाने घ्यायचे आणि लगेच बाजारभावाने विकायचे. उरलेले २,४५,७४३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे. भाव मिळाला साधारण ४४ डॉलर. एकूण विक्री ३ कोटी ९० लाख डॉलरच्या आसपास, आणि ऑप्शनची किंमत वजा जाता हातात सुमारे अडीच कोटी.

आता एक वजाबाकी करा. त्या दिवशी सकाळी क्रझानिच यांच्या नावावर ४,९५,७४३ शेअर होते. त्यातून विकलेले २,४५,७४३ वजा केले की उरतात बरोबर २,५०,०००. एक कमी नाही, एक जास्त नाही. आणि इंटेलच्या मुख्याधिकाऱ्याने स्वतःजवळ किमान किती शेअर ठेवले पाहिजेत, याचा कंपनीचा दंडकही नेमका अडीच लाखांचा होता. म्हणजे ठेवणं भाग होतं तेवढे ठेवले, बाकी झाडून सगळे काढले.

यातलं काहीही लपवलेलं नव्हतं. अमेरिकेत कंपनीच्या अधिकाऱ्याने स्वतःच्या कंपनीचे शेअर घेतले किंवा विकले, की कामकाजाच्या दोन दिवसांत ‘फॉर्म ४’ नावाचा कागद तिथल्या एसईसीकडे, म्हणजे त्यांच्या सेबीकडे, भरावा लागतो. तो कुणालाही फुकट वाचता येतो. मला हे फॉर्म वाचायची सवय आहे. रुक्ष कोष्टक असतं, पण एकेका ओळीत माणूस दिसतो. ऑप्शन वटवल्याच्या ओळीपुढे ‘एम’, विक्रीच्या ओळीपुढे ‘एस’, आणि शेवटच्या रकान्यात व्यवहारानंतर किती शिल्लक. क्रझानिच यांच्या कागदावर त्या शेवटच्या रकान्यात नेमका अडीच लाखांचा आकडा होता, आणि बाजारावर लिहिणाऱ्या एका अमेरिकी विश्लेषकाच्या तो डिसेंबरमध्येच डोळ्यांत भरला होता. साहेबांना स्वतःच्या कंपनीचं भविष्य फारसं उजळ दिसत नसावं, इतकाच त्याचा तर्क. मेल्टडाउन हे नाव तेव्हा बाहेर कुणी ऐकलंही नव्हतं. दोन आठवड्यांनी ते जगभर झालं आणि त्याच कागदाकडे सगळे वेगळ्या नजरेने बघायला लागले.

इंटेलचं उत्तर तयार होतं. विक्रीचा आणि दोषाचा काही संबंध नाही, ती आधीच ठरलेल्या योजनेनुसार आपोआप झाली.

ही ‘योजना’ काय भानगड आहे ते समजून घ्यायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे. मोठ्या अधिकाऱ्याच्या डोक्यात कंपनीची काही ना काही गुप्त माहिती कायमच असते. मग त्याने शेअर विकायचेच नाहीत का? पगाराचा मोठा भाग तर शेअरमध्येच मिळतो. म्हणून एसईसीने २००० साली १०बी५-१ नावाचा नियम आणला. हातात अशी माहिती नसताना अधिकाऱ्याने लिहून द्यायचं, की अमुक तारखेला किंवा अमुक भाव आला की माझे इतके शेअर विका. एकदा लिहून दिलं की सूत्रं दलालाकडे. पुढे गुप्त काही कळलं तरी ठरलेली विक्री चालू राहते आणि त्याच्यावर बालंट येत नाही. नियम शहाणपणाचा आहे. फक्त त्यात एक गोष्ट राहिली होती. योजना केल्यापासून पहिल्या विक्रीपर्यंत किती दिवस थांबायचं, याचा त्यात उल्लेखच नव्हता.

त्यामुळे आमच्या हिंजवडीकर वाचकांनी विक्रीबद्दल विचारलं, तरी विचारायला हवी योजनेची तारीख. ती होती ३० ऑक्टोबर २०१७. इंटेलचे तिमाही निकाल २६ ऑक्टोबरला लागले होते. निकाल लागले की अधिकाऱ्यांना व्यवहाराची खिडकी उघडते, तेव्हा तारीख वरवर अगदी रीतसर. पण गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधकांच्या गटाने दोषाचा पहिला अहवाल दिला त्याला तोवर पाच महिने होत आले होते. ‘आधीच ठरलेली’ योजना ठरली ती कंपनीला दोष कळल्यानंतर, आणि तीस दिवसांत अमलातही आली.

याला जोडून एक तपशील सांगतो. त्याने काही सिद्ध होत नाही, पण मी त्यात दरवेळी अडकतो. योजनेच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला, इंटेलच्याच डेव्ह हॅन्सन या अभियंत्याने लिनक्सच्या विकासकांपुढे कैझर नावाचा २३ तुकड्यांचा बदल उघडपणे मांडला. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स तंत्रज्ञान विद्यापीठातल्या मंडळींची ही कल्पना, गेल्या भागात तिचा उल्लेख आला आहे. कर्नलचा नकाशा प्रोग्रॅमपासून लपवायचा, आणि त्यापायी साधारण पाच टक्के वेग गमवायचा. कारण मात्र गुळमुळीत दिलेलं. ज्यांना लिनक्सच्या जगाची सवय आहे त्यांच्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकली. एकेका टक्क्यासाठी भांडणारी ही माणसं पाच टक्के असे सहज सोडतायत? एवढी घाई कसली? मग २६ डिसेंबरला एएमडी या प्रतिस्पर्धी चिप कंपनीच्या अभियंत्याने एक छोटासा बदल पाठवला आणि लिहिलं, की आमच्या चिपना हा बचाव लागत नाही, कारण आमच्याकडे अशा हल्ल्याला वावच नाही. झालं! ज्याला वाचता येत होतं त्याला दोष नेमका कुठे आहे ते कळलं. २ जानेवारीला बातमी फुटली. ९ जानेवारीला व्हायची घोषणा ३ तारखेलाच उरकावी लागली.

म्हणजे माहिती गुप्त होती, पण तिचा बचाव चव्हाट्यावर टांगलेला होता. आणि ती माहीत असणारी माणसं तरी किती! इंटेल, एएमडी, आर्म, गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, ॲपल, लिनक्सचे निवडक विकासक, तीन-चार विद्यापीठांतले संशोधक. इंटेलने लेनोव्हो आणि अलिबाबा या चिनी कंपन्यांना आधी सांगितलं आणि अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला मात्र बातमी फुटेपर्यंत कळवलंच नाही, हेही नंतर बाहेर आलं आणि त्यावर वॉशिंग्टनमध्ये बराच गहजब झाला. दोष आधी गुपचूप दुरुस्त करायचा आणि मगच जाहीर करायचा, ही पद्धत मी या लेखमालेत वारंवार उचलून धरली आहे आणि आजही धरतो. पण तिची दुसरी बाजू ही, की सात महिने जगभर शेकडो लोक भावावर परिणाम करणारी माहिती खिशात घेऊन फिरतात. त्यातल्या कुणी इंटेलचे विकून एएमडीचे घेतले असते, तर शोधायचं कुठे? फॉर्म ४ फक्त अधिकारी, संचालक आणि बड्या भागधारकांना भरावा लागतो. दुसऱ्या कंपनीतल्या अभियंत्याला नाही.

भावाचं पुढे काय झालं? ३ जानेवारीला इंटेल साडेतीन टक्क्यांच्या आसपास घसरून ४५ डॉलरवर आला, एएमडी वर गेला. पुढच्या आठवड्यात इंटेल ४४ च्याही खाली उतरला. पण महिनाअखेरीला निकाल लागले ते जोरदार, आणि भाव थेट पन्नाशीच्या पुढे! क्रझानिच यांनी नुसतं हातावर हात ठेवून बसायचं ठरवलं असतं, तर त्यांना पन्नासेक लाख डॉलर जास्त मिळाले असते. घबाड लाटलं म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते. मात्र कायदा विक्रीतलं शहाणपण मोजत नाही. विकताना, किंवा योजना करताना, तुम्हाला काय माहीत होतं आणि ते भाव हलवण्याइतकं मोठं होतं का, एवढंच तो बघतो. इंटेलने तर पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं, की या दोषाचा धंद्यावर फारसा परिणाम होणार नाही.

जॅक रीड आणि जॉन केनेडी या दोन सिनेटरांनी, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, एसईसीला आणि न्याय खात्याला लिहून या विक्रीत लक्ष घालायला सांगितलं. क्रझानिच यांच्यावर या विक्रीसाठी खटला मात्र झाला नाही. जून २०१८ मध्ये त्यांची खुर्ची गेली ती भलत्याच कारणाने. कंपनीतल्या एका व्यक्तीशी पूर्वी त्यांचे संबंध होते आणि ते इंटेलच्या नियमात बसत नव्हतं.

माझं मत विचाराल तर असं. पडझड चुकवायला त्यांनी विकलं, असं मला वाटत नाही. पण ज्या कंपनीच्या तिजोरीत असा दोष बंद करून ठेवला आहे, तिच्या प्रमुखाला त्या काळात नवी योजना करू देणं ही त्या कंपनीच्या कायदा विभागाची घोडचूक होती. दोष माहीत असलेल्यांच्या यादीत ज्यांची नावं चढली त्यांच्यासाठी खिडकी त्याच दिवशी बंद व्हायला हवी होती.

आणि ‘सुटले कसे’ याचं अर्धं उत्तर २०१७ च्याच दुसऱ्या एका प्रकरणात आहे. इक्विफॅक्स या पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीतून कोट्यवधी अमेरिकनांची माहिती चोरीला गेली, ती घटना. चोरी लक्षात आल्यानंतर काही दिवसांतच तिथल्या बड्या अधिकाऱ्यांनी १८ लाख डॉलरचे शेअर विकले. कंपनीनेच नेमलेल्या समितीने सांगितलं, त्यांना तेव्हा चोरीची कल्पना नव्हती. अडकला जुन यिंग नावाचा त्यांच्या खालचा अधिकारी, एका विभागाचा माहिती-तंत्रज्ञान प्रमुख. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कामाची धावपळ बघून त्याने ताडलं. मग ऑफिसात बसून त्याने इंटरनेटवर शोधलं, की एक्स्पिरियन या प्रतिस्पर्धी कंपनीत २०१५ साली चोरी झाली तेव्हा तिचा शेअर किती पडला होता. आणि त्याच सकाळी स्वतःचे सगळे ऑप्शन वटवून विकून टाकले. वाचवले १,१७,००० डॉलर, भोगले चार महिने तुरुंगात. त्याच्याकडे योजना नव्हती आणि शोधाची नोंद मागे राहिली होती.

१०बी५-१ नियमातलं भोक एसईसीने बुजवलं ते डिसेंबर २०२२ मध्ये. आता अधिकाऱ्याने योजना केली की किमान ९० दिवस थांबायचं, तिमाहीचे निकाल उशिरा आले तर १२० दिवसांपर्यंत, आणि मला गुप्त काही माहीत नाही असं लिहूनही द्यायचं. फॉर्म ४ वर या योजनेसाठी वेगळी चौकट आली, तिथे खूण करावीच लागते. पाठोपाठ ऑनट्रॅक या कंपनीचे अध्यक्ष टेरेन पायझर यांच्यावर खटला उभा राहिला, केवळ अशा योजनांच्या आडून केलेल्या विक्रीबद्दलचा अमेरिकेतला पहिला फौजदारी खटला. मोठं गिऱ्हाईक हातचं जाणार हे कळल्यावर त्यांनी योजना केली आणि दलाल थांबा म्हणत असताना लगेच विकायला सुरुवात केली. जून २०२४ मध्ये ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं. ‘योजना होती’ एवढं म्हणून काखा वर करता येत नाहीत, हे त्या दिवशी पक्कं झालं.

आपल्या सेबीचा नियम सुरुवातीपासूनच जास्त कडक होता, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. २०१५ च्या नियमांनुसार अशी योजना आधी शेअर बाजाराला जाहीर करायची आणि त्यानंतर सहा महिने थांबायचं. इतका कडक, की कुणी त्या वाटेला फारसं जाईना, आणि २०२४ मध्ये सेबीने मुदत १२० दिवसांवर आणली. जाहीर करण्याची अट मात्र ठेवली, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच आहे. सेबीचे सहा महिने क्रझानिच यांना लागू असते तर त्यांना एप्रिल २०१८ च्या अखेरीपर्यंत विकता आलं नसतं. तोवर दोष जगजाहीर, भाव पन्नाशीपार. पैसाही जास्त आणि बोटही कुणी दाखवलं नसतं.

तेव्हा हिंजवडीकर, परवानगीचा तो अर्ज भरताना कुरकुर करू नका. आणि तुम्हा सगळ्यांना एक काम देतो. अमेरिकी कंपन्यांना आता दर तिमाहीच्या विवरणात, कुठल्या अधिकाऱ्याने कोणत्या तारखेला अशी योजना केली किंवा मोडली, ते छापावं लागतं. तुमच्या लॅपटॉपमधली चिप ज्या कंपनीची आहे, तिचं ताजं विवरण एसईसीच्या संकेतस्थळावर काढा आणि तेवढं एक पान वाचा. तारखेशी काही जुळताना दिसलं तर मला कळवा.