उंच मोटारसायकल, ठेंगणा स्वार

डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोहोंवर चालणाऱ्या मोटारसायकलींची हौस आपल्याकडे गेल्या दशकात चांगलीच रुजली. रॉयल एन्फील्डची ‘हिमालयन’ २०१६ मध्ये आली, हीरोची ‘एक्सपल्स २००’ २०१९ मध्ये आणि चाकणच्या कारखान्यात बनणारी केटीएमची ‘३९० ॲडव्हेंचर’ २०२० मध्ये. खाचखळग्यांतून जायचे तर चाकांना वरखाली होण्यास वाव हवा आणि इंजिनाखालून धोंडा सुटेल इतके अंतर हवे. म्हणून या गाड्या उंच असतात. पहिल्या हिमालयनची सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटरवर होती, एक्सपल्सची ८२३, तर ३९० ॲडव्हेंचरची ८५५. भारतीय पुरुषाची सरासरी उंची मात्र १६५ सेंटीमीटरच्या आसपास आहे आणि स्त्रीची १५२ च्या. पायाची आतील लांबी उंचीच्या निम्म्याहून कमीच भरते. म्हणजे सरासरी पुरुषाला या गाड्यांवर बहुधा चवड्यांवर तोल सांभाळावा लागतो आणि सरासरी स्त्रीची बोटे टेकली तरी पुष्कळ!

गाडी चालती असताना यात काही बिघडत नाही. बिघडते ते थांबताना. घाटातल्या चढावर, कलत्या कडेला किंवा वाळूत पाय टेकायला गेला आणि जमीन दोन बोटे खाली निघाली, की जवळजवळ दोनशे किलोंची हिमालयन सावरणे धडधाकट माणसालाही जमत नाही.

यावर उपाय आहेत. पण प्रत्येकाची किंमत वेगळी, आणि ती केवळ रुपयांत मोजता येत नाही. सर्वांत निरुपद्रवी उपाय सीटचा. कुशल सीटवाला आतील फोम तासून दोन-तीन सेंटीमीटर सहज काढतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सीटचा पुढचा भाग अरुंद करतो. रुंद सीट मांड्या फाकवते आणि पायाची लांबी तेथेच खर्ची पडते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. फोम मात्र बेताने काढावा, अन्यथा लांबच्या प्रवासात तळाचा पत्रा आपली ओळख करून देतो.

दुसरा उपाय स्प्रिंगचा. ठेंगणा स्वार सहसा वजनानेही हलका असतो, आणि स्प्रिंग बेतलेली असते भारदस्त माणसासाठी. हलका स्वार बसला की गाडी पुरेशी दबत नाही. आधीच उंच असलेली सीट त्याच्यापुरती आणखी उंच राहते. मागील स्प्रिंगचा ताण त्याच्या वजनानुसार सैल केला, तर त्याला मिळते ते त्याच्या हक्काचेच असते. हे काम दहा मिनिटांचे आहे, पण फारच थोडे विक्रेते ते आपणहून करून देतात.

गॅरेजमध्ये मात्र पहिला सल्ला मिळतो तो मागील शॉकॲब्सॉर्बरच्या जोडपट्ट्या लांब करण्याचा. त्याने गाडी झटक्यात खाली येते, पण ती केवळ मागून. मग हँडल जड होते. म्हणून पुढचे फोर्कही त्याच प्रमाणात वर सरकवावे लागतात. साइड स्टँड आता लांब ठरतो, गाडी फारच सरळ उभी राहते आणि जराशा धक्क्याने उलट्या बाजूला आडवी होते. सबब स्टँडही कापावा लागतो. शिवाय जमिनीपासूनचे अंतर घटते, आणि मोठा खड्डा आला की टायर मडगार्डला घासण्याची भीती राहते. ज्या गुणासाठी जादा पैसे मोजले, तोच गुण पुन्हा पैसे मोजून कमी करून घेण्याचा हा व्यवहार आहे. पंधरा-वीस मिलिमीटरांपलीकडे तो करू नये.

कायदाही येथे फारसा मदतीला येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतील बदलांवर बंधन घालते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कडक अर्थ लावला. अपंगांसाठी वाहन अनुरूप करून घेण्याची तरतूद त्यात आहे. पण ठेंगणेपणा हे काही अपंगत्व नव्हे.

एकाच मापाचे उत्पादन कारखान्याला स्वस्त पडते हे खरे. परंतु त्या बचतीतून उरलेला खर्च मापात न बसणाऱ्या ग्राहकावर पडतो, आणि तो किमतीच्या पत्रकात कोठेही दिसत नाही. होंडाने आपल्या ‘सीआरएफ २५० एल’ या गाडीची जपानमधील नेहमीची आवृत्ती ८३० मिलिमीटरची ठेवली आणि ८८० ची उंच आवृत्ती ज्याला हवी त्याच्यासाठी वेगळी काढली. तेथे वेगळी मागणी नोंदवावी लागते ती उंच माणसाला. आपल्याकडे केटीएमने ८३० मिलिमीटर सीटची आवृत्ती २०२३ मध्ये आणली. त्याच वर्षी आलेल्या नव्या हिमालयनची सीट ८२५ वरून ८४५ पर्यंत वर नेता येते. वीस मिलिमीटर खाली जायचे असेल, तर बसकी सीट निराळी विकत घ्यावी लागते.