शब्दकोडे, राग आणि स्नेह

विषयाचे नाव पत्रिकेत वाचून काही श्रोत्यांना हसू आले असेल. व्याख्यानमालेला शोभावेत ते इतिहास, अर्थकारण, साहित्य असे भारदस्त विषय. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या चौकटीला तेथे काय स्थान? परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा प्रघात पाडला, तो लोकांनी एकत्र बसून ऐकावे आणि ऐकलेल्यावर आपसांत बोलावे म्हणूनच. ज्या निमित्ताने माणसे अशी एकत्र येतात, ते निमित्त लहान असले तरी त्याचा विचार अप्रस्तुत ठरत नाही. शब्दकोडी सोडवणाऱ्यांत शास्त्रीय संगीताचे प्रेमी आम्हांला बरेच भेटले, आणि हे दोन्ही नाद ज्यांना आहेत त्यांची मैत्री विशेष टिकाऊ होते, असा आमचा अनुभव आहे. असे का व्हावे, ह्याचा उलगडा आज करावयाचा आहे.

प्रथम शब्दकोड्याकडे वळू. आज आपण ओळखतो त्या स्वरूपाचा हा खेळ फार जुना नाही. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ ह्या पत्राच्या रविवारच्या अंकात आर्थर विन ह्या गृहस्थाने शंकरपाळ्याच्या आकाराची एक चौकट छापली, आणि पाहता पाहता हा छंद जगभर पसरला. मराठीत येताना मात्र त्याचा स्वभाव बदलला. इंग्रजीत एका घरात एक वर्ण, आणि वर्ण अवघे सव्वीस. आपल्याकडे एका घरात सबंध अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. चौतीस व्यंजनांची बाराखडी धरली तरी चारशेच्या वर अक्षरे होतात, जोडाक्षरे निराळीच. म्हणून आपल्या कोड्यात एखादी ‘गी’ पक्की झाली की शब्दाची निम्मी वाट सरते.

आता एक साधे उदाहरण घ्या. ‘गवयाला हे चुकवून चालत नाही’ किंवा तत्सम काही सूचक वाक्य आहे, घरे दोन, आणि पहिल्या घरात ‘ता’ आलेला आहे. ताल म्हणावे की तान? आडव्या ओळीकडे कितीही पाहिले तरी मनाची खात्री होत नाही. पण दुसऱ्या घरातून खाली जाणारा, ‘आश्चर्य’ ह्या अर्थाचा तीन घरांचा शब्द ‘नवल’ निघाला, की तान निश्चित झाली. आडव्याची शंका उभा फेडतो. साऱ्या शब्दकोड्याची रचना ह्या एका तत्त्वावर उभी आहे.

रागसंगीत ऐकणाराही नकळत हेच करीत असतो. सा, रे, ग, प, ध हे पाच शुद्ध स्वर भूपात आहेत, आणि तेच पाच देशकारात आहेत. नुसती स्वरांची यादी पुढे ठेवली तर दोहोंत भेद दिसणार नाही. परंतु भूपाचा वादी गंधार, आणि तो गावयाचा रात्रीच्या पहिल्या प्रहरी. देशकाराचा वादी धैवत, आणि तो सकाळचा राग. मारवा, पूरिया आणि सोहनी ह्या तिघांचे सहा स्वर एकच, पंचम तिघांतही वर्ज्य. पण मारव्याचे बळ ऋषभ-धैवतावर, पूरियाचे गंधार-निषादावर, तर सोहनीची ओढ तार षड्जाकडे. गवई कोठे विसावतो आणि कोठून परततो, ह्या खुणांवरून श्रोता नाव ठरवतो. एका खुणेची शंका दुसरी खूण फेडते.

हे साम्य केवळ आमच्या कल्पनेतले नव्हे. दक्षिणेकडील कर्नाटक संगीतात ७२ मेळ मानतात, आणि त्यांची नावेच कोड्यासारखी रचलेली आहेत. त्यासाठी ‘कटपयादि’ नावाची जुनी युक्ती वापरतात. क, ट, प आणि य ह्या चार अक्षरांपासून प्रत्येकी एक, दोन, तीन असे अंक मोजत जावयाचे. मेळाच्या नावातील पहिल्या दोन अक्षरांचे अंक काढून ते उलट मांडावयाचे, की मेळाचा क्रमांक मिळतो. ‘मायामालवगौळ’ घ्या. प-फ-ब-भ-म ह्या ओळीत म पाचवा. य-र-ल-व ह्या ओळीत य पहिला. पाच-एक उलट केले की १५, आणि हा मेळ पंधरावाच आहे. आपला भैरव थाट तो हाच. ‘धीरशंकराभरण’ ह्यात ध नववा, र दुसरा. उलट मांडले की २९. हा आपला बिलावल. शंकराभरणामागे ‘धीर’ हे अक्षरद्वय जोडले गेले ते ह्या हिशेबासाठी.

आपल्याकडे हा विषय ज्यांनी सामान्य मराठी वाचकाच्या हाती दिला, ते पंडित विष्णु नारायण भातखंडे व्यवसायाने वकील होते. १९०४ साली त्यांनी दक्षिणेचा प्रवास केला, तेथील मेळपद्धती अभ्यासली, आणि पुढे उत्तरेकडील राग दहा थाटांत बसवले. त्यांचा संस्कृत ग्रंथ ‘चतुर पंडित’ ह्या टोपणनावाने निघाला, आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा मराठी ग्रंथ गुरु-शिष्यांच्या संवादरूपाने लिहिलेला आहे. एकाने शंका काढावी, दुसऱ्याने ती सोडवावी! संगीताचे शास्त्रसुद्धा दोघांनी मिळून उलगडावयाची गोष्ट आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

ह्या दोन्ही छंदांची भाषाही एकमेकींत मिसळलेली आहे. ‘वैद्याच्या खलात, अक्षराच्या डोक्यावर आणि तबलजीच्या हिशेबात’: उत्तर, मात्रा. ‘लग्नघरी एक, भातखंड्यांकडे दहा’: थाट. ‘वीज वाहते, सतारीवर ताणली जाते, सप्तकात वर राहते, आणि २०१३ पर्यंत टपाल कचेरीतून निरोपही नेत असे’: तार. अशी वाक्ये रचावयाची आणि दुसऱ्याला घालावयाची, हा आमच्या मंडळींचा आवडता उद्योग.

परंतु शब्दकोड्याने नेहमीच स्नेह वाढवला असे नाही. एके काळी मोठमोठ्या बक्षिसांच्या कोड्यांचे देशभर वेड होते. त्यांत ‘ताल’ आणि ‘तान’ अशा दोन्ही चालणाऱ्या शब्दांपैकी एक निवडावा लागे, उभा शब्द निर्णय देत नसे, आणि ‘खरे’ उत्तर चालकांच्या मोहोरबंद लिफाफ्यात असे. हे कोडे कसले, हा तर सट्टा! १९५५ च्या कायद्याने महिन्याच्या बक्षिसांवर एक हजार रुपयांची मर्यादा घातली, आणि १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाही असा निर्वाळा दिला. बक्षिसाच्या कोड्यात माणूस आपले उत्तर शेजाऱ्यापासून लपवतो. बिनबक्षिसाच्या कोड्यात तेच उत्तर घेऊन शेजाऱ्याकडे धावतो. मैत्रीच्या दृष्टीने सारा फरक येथे आहे.

आता आपल्या भंडाऱ्याकडे येऊ. आपले गाव पितळेच्या भांड्यांचे, जिल्हा तलावांचा आणि भाताचा. मोठे गवई ऐकावयाचे तर नागपूर गाठावे लागे. १९४८ साली नागपूर आकाशवाणी सुरू झाली आणि १९५२ पासून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागला, तेव्हा ते गवई घराघरांत आले. रेडिओ एकाकडे, ऐकणारे सात-आठ, आणि मध्ये नागपूरहून आलेले वर्तमानपत्र. आमची बैठक त्या परंपरेतली. तीत निवृत्त शिक्षक आहेत, भांड्यांचे दुकानदार आहेत, घरचे सारे आटोपून येणाऱ्या एक काकू आहेत. काकूंना ओव्या आणि उखाणे पाठ, दुकानदारांना धातूंची नि मापांची नावे, गुरुजींना संस्कृत. एकट्याने कोडे पुरे होते असे सहसा घडत नाही, आणि कोणाला त्याची लाजही वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्यातील एक वडीलधारे गेले. जुन्या संगीत नाटकांची पदे, त्यांचे राग, ते गाणारे नट, हे सारे त्यांच्या जिभेवर होते. त्यानंतर नाट्यसंगीताचे सूचक वाक्य आले की आमची ती घरे रिकामी राहतात. फोनवर विचारले तर उत्तर क्षणात मिळते, हे आम्ही जाणतो. तरी ती घरे आम्ही तशीच ठेवतो. फोन उत्तर देतो. पण ‘हे पद अमक्याने भीमपलासात असे घेतले होते’ म्हणून गुणगुणून दाखवत नाही.

तात्पर्य एवढेच, की शब्दकोडे आणि राग ही दोन्ही माणसाला आपल्या अपुरेपणाची गोडी लावतात. आपल्याला ठाऊक नसलेले अक्षर दुसऱ्यापाशी असते, आणि ते मागावयास जाणे ह्यात कमीपणा नाही. आज घरोघरी एकेकटी वडील मंडळी फोनच्या काचेवर कोडी सोडवीत आहेत आणि कानांत यंत्र घालून एकट्यानेच गाणे ऐकत आहेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ शेजारच्या ओसरीवर घालवावी. चार घरे रिकामी राहिली तरी चालतील. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.