स्फटिकांत दडलेला हायड्रोजन

ज्या पांढऱ्या एल्. ई. डी. दिव्याखालीं तुम्ही अभ्यासास बसतां, त्याच्या पोटीं निळा प्रकाश देणारा एक लहानसा स्फटिक असतो. तो गॅलियम नायट्राइड नामक अर्धवाहक पदार्थाचा असतो. हा दिवा जन्मास येण्यापूर्वीं एका अदृश्य अडथळ्यानें शास्त्रज्ञांस पुष्कळ वर्षें अडवून धरिलें होतें. तो अडथळा कोणता व वर्णपटानें त्याची ओळख कशी पटविली, हें आपण पाहूं.

अर्धवाहक पदार्थ तांब्यासारखा विजेचा सुलभ वाहक नसतो व कांचेसारखा रोधकही नसतो. त्यांत दुसऱ्या द्रव्याचे थोडेसे अणु मिसळले म्हणजे त्याची वाहकता पालटते. दिवा करण्यास दोन प्रकारचे थर लागतात: एकांत इलेक्ट्रॉनांची विपुलता, दुसऱ्यांत त्यांची उणीव. ही उणीव उत्पन्न करण्यासाठीं कांहीं गॅलियम अणूंच्या जागीं मॅग्नेशियम घालतात; कारण बंध जोडण्यास गॅलियमपाशीं तीन इलेक्ट्रॉन असतात, मॅग्नेशियमपाशीं दोनच. परंतु मॅग्नेशियम घालूनही तो थर वीज वाहूं देईना!

१९८९ सालीं जपानांतील नागोया येथें अकासाकी व अमानो यांनीं अशा थरावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, आणि थर वाहक झाला. १९९२ सालीं नाकामुरा यांनीं दाखविलें कीं, नायट्रोजन वायूंत ७०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापविल्यानेंही तेंच कार्य होतें. मात्र अमोनियांत तापवितांच थर पुन्हा रोधक बनतो. अमोनियांत हायड्रोजन असतो, आणि हे स्फटिक वाढवितांनाही अमोनियाच वापरतात. तेव्हां संशय हायड्रोजनवर आला. तो आपला एकुलता एक इलेक्ट्रॉन देऊन मॅग्नेशियमनें केलेली उणीव भरून काढीत असावा.

परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. स्फटिकांतील अणु सतत कंप पावत असतात. अवरक्त किरण, म्हणजे तांबड्या रंगापलीकडील अदृश्य प्रकाश, स्फटिकांतून सोडला असतां, ज्या किरणांची कंपनसंख्या एखाद्या अणूच्या कंपाशीं जुळते ते किरण शोषिले जातात. वर्णपटांत त्या ठिकाणीं रेषा उमटते. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत मॅग्नेशियमयुक्त स्फटिकानें दर सेंटिमीटरास ३१२५ लहरी या स्थानीं अशी रेषा दाखविली. अमोनियांतील नायट्रोजन-हायड्रोजन बंधाच्या रेषा याच्याच आसपास, ३३०० च्या पुढें, असतात. यावरून हायड्रोजन मॅग्नेशियमच्या शेजारच्या नायट्रोजनला बिलगून बसला आहे असें दिसलें. स्फटिक तापवून वाहक केला तेव्हां ही रेषा क्षीण झाली.

आणखी एक कसोटी राहिली. १९३१ सालीं यूरी यांनीं शोधलेला ड्यूटेरियम हा हायड्रोजनचाच सुमारें दुप्पट जड बंधु होय. सतारीची जाड तार जशी खर्जांत बोलते, तसा जड अणु मंद कंप पावतो. हायड्रोजनच्या जागीं ड्यूटेरियम योजतांच रेषा ३१२५ वरून २३२१ वर उतरली. मॅग्नेशियमचा किंवा नायट्रोजनचा अणु पालटला नसतां असा फरक घडविणारा हायड्रोजनवांचून दुसरा कोण असणार?

निळ्या दिव्याच्या शोधाबद्दल वरील तिघां शास्त्रज्ञांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. वर्णपटाची हीच रीत सिलिकॉन व इतर अर्धवाहकांतील हायड्रोजन ओळखण्यासही उपयोगी पडते. तेव्हां प्रयोगशाळेंत त्रिकोणी कांचेंतून सप्तरंग पाहाल, तेव्हां त्यांस निव्वळ शोभा समजूं नका. डोळ्यांस न दिसणाऱ्या अणूचा पत्ता तांबड्या रंगाच्याही पलीकडे लिहिलेला असतो.