जमिनीची मालकी आणि कर्जाचा हप्ता

निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम अथवा परदेशी असलेल्या मुलांनी पाठविलेला पैसा जमीनजुमल्यात गुंतविण्याकडे गोव्यातील मध्यमवर्गाचा कल जुना आहे. जमीन कोठे पळून जात नाही, असे त्यामागील गृहीत असते. परंतु जमीन जागच्या जागी राहूनही तिची मालकी हातची जाऊ शकते, आणि तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता तेव्हाही थांबत नाही. २०२२ च्या जून महिन्यात राज्य सरकारला जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. बनावट दस्तऐवजांच्या आधारे इतरांच्या मिळकती विकल्या गेल्याची प्रकरणे त्यातून उजेडात आली. अशा व्यवहारात मूळ मालकाबरोबर भाबडा खरेदीदारही नाडला जातो.

पुष्कळ खरेदीदार नमुना १ व १४ चा उतारा पाहून निश्चिंत होतात. तो महसुली अभिलेख होय. त्यावर नाव असल्याने मालकी सिद्ध होत नाही. मिळकत विक्रेत्याकडे कोणत्या दस्ताने आली, त्याच्या आधीच्याकडे कोणत्या, अशी साखळी मागे जाऊन पाहावी लागते. येथे गोव्याचा कायदा शेजारच्या राज्यांहून वेगळा पडतो. पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या व्यवस्थेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पती-पत्नींची मालमत्ता समाईक असते. उताऱ्यावर एकट्या पतीचे नाव असले तरी पत्नीच्या संमतीवाचून झालेली विक्री निर्दोष ठरत नाही. मालक मृत असल्यास वारस रीतसर ठरलेले आहेत काय, हे पाहावे. ‘बहिणींचे काही म्हणणे नाही’ असे थोरल्या भावाने सांगितले, तर त्या बहिणींच्याच सह्या मागाव्यात. यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

उताऱ्यावरील कूळ व इतर हक्क यांचे रकानेही वाचावेत. १९७५ च्या कायद्याने मुंडकारांना संरक्षण दिले असल्याने, त्यांचे घर असलेला भूखंड मोकळा समजून घेणे धोक्याचे आहे. भातशेतीच्या हस्तांतरावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आहेत; घरासाठी जागा घेणाऱ्याने रूपांतराची सनद आधी पाहावी. उपनिबंधकांकडील बोजा नसल्याचा दाखला आवश्यक खरा, तथापि केवळ मूळ दस्त बँकेत ठेवून घेतलेले कर्ज त्यात दिसेलच असे नाही. त्यासाठी २०११ पासून चालू असलेल्या ‘सेरसाई’ या केंद्रीय नोंदवहीत शोध घेता येतो. आणि शेजाऱ्यांशी अर्धा तास बोलून जे कळते, ते कित्येकदा कोणत्याच कागदावर नसते.

आता कर्जाविषयी. ३० लाख रुपयांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळू शकते. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी मात्र बहुधा स्वतःच्या खिशातूनच भरावी लागते. बँकेच्या वकिलाने कागद पाहिले म्हणून खरेदीदाराची जोखीम टळत नाही. ती तपासणी बँक आपल्या पैशाच्या सुरक्षिततेसाठी करते.

व्याजाचा हिशेब अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. समजा, एका शिक्षकाने २० लाख रुपये २० वर्षांसाठी ९ टक्के बदलत्या दराने घेतले. मासिक हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येईल. आरंभीच दर १० टक्के झाला, तर हप्ता सुमारे १९,३०० होतो. ११ टक्क्यांस २०,६४४. हप्ता न वाढविता मुदत वाढविली, तर १० टक्के दराने २४० हप्त्यांऐवजी सुमारे ३१४ भरावे लागतात, म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ कर्ज लांबते. पन्नाशीला आलेल्या नोकरदाराने हे गणित कागदावर मांडून पाहावे. दर असे वाढतात काय, ही शंका घेणाऱ्यांनी आठवावे की मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला होता.

म्हणून हप्ता ठरविताना आजच्या दरापेक्षा दोन टक्के अधिक धरून तो झेपतो काय ते पाहावे, आणि सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम बाजूस ठेवावी. घरभाड्यातून हप्ता फेडण्याचा बेत असल्यास घर काही महिने रिकामे राहील, हेही धरावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या सूचनांनुसार दर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही, हे निवडण्याचा पर्याय बँकेने कर्जदारास द्यावयाचा आहे. पत्र आल्यास ते पेटीत न ठेवता लेखी उत्तर द्यावे व पोच घ्यावी.