नावावर खपलेला खेळ, नावावर आलेले अपयश

चित्रपट पडला की दोष दिग्दर्शक, नायक, निर्माता यांच्यात वाटला जातो. व्हिडीओ गेमच्या जगात मात्र तसे क्वचितच घडते. अनेक तंत्रज्ञ आणि चित्रकारांनी काही वर्षे राबून तयार केलेला खेळ बाजारात आपटला, की पुढील कित्येक वर्षे नाव घेतले जाते ते एकाच व्यक्तीचे. पूर्वी ज्यांच्या खेळांनी विक्रीचे उच्चांक गाठले, अशा नामवंतांच्या कारकिर्दी यामुळे झाकोळल्या आहेत. पुण्या-मुंबईत हा व्यवसाय मूळ धरत असताना आणि अनेक तरुण त्याकडे उपजीविका म्हणून पाहत असताना, या अपयशांची कारणे समजून घेणे अगत्याचे ठरते.

पाच आठवड्यांची मुदत

सर्वांत गाजलेले उदाहरण १९८२ मधील आहे. अमेरिकेतील अटारी कंपनीचे हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ हे ‘यार्स रिव्हेंज’ या लोकप्रिय खेळाचे कर्ते. स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या ‘ई. टी.’ चित्रपटावर खेळ काढण्याचे हक्क अटारीने त्या वर्षी जुलैअखेरीस मिळवले. नाताळच्या विक्रीत खेळ हवाच, असा व्यवस्थापनाचा आग्रह होता. एरवी ज्या कामाला पाच-सहा महिने लागत, त्यासाठी वॉरशॉ यांना सुमारे पाच आठवडे मिळाले. खेळातील पात्र वारंवार खड्ड्यात पडे आणि खेळणारा वैतागे. लाखो प्रती विक्रीविना राहिल्या वा परत आल्या.

१९८३ मध्ये अटारीला ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे जमिनीत गाडण्यात आला. एप्रिल २०१४ मध्ये तेथे उत्खनन झाले, तेव्हा ‘ई. टी.’बरोबर अटारीचे इतर अनेक खेळही सापडले. त्यांत एकेकाळी उत्तम खपलेलेही होते. म्हणजे बाजारात मालाचा पूर आला होता आणि कंपनीचे अंदाज चुकले होते. तरीही ‘उद्योग बुडवणारा खेळ’ हा शिक्का वॉरशॉ यांच्यावर बसला. १९८४ मध्ये त्यांनी अटारी सोडली. पुढे ते मानसोपचारतज्ज्ञ झाले.

जाहिरात आधी, खेळ नंतर

जॉन रोमेरो यांची कथा वेगळी. ‘डूम’ (१९९३) आणि ‘क्वेक’ (१९९६) या खेळांच्या प्रमुख कर्त्यांपैकी ते एक. १९९६ मध्ये आयडी सॉफ्टवेअर सोडून त्यांनी सहकाऱ्यांसह डॅलस येथे आयॉन स्टॉर्म ही कंपनी काढली. त्यांच्या ‘दाइकाताना’ या खेळाची जाहिरात १९९७ मध्ये झळकली. तिच्यात खेळाचे एकही चित्र नव्हते. ‘रोमेरो तुम्हाला लोळवणार’ अशा आशयाचे, शिवराळ वाक्य तेवढे होते.

खेळ त्याच वर्षीच्या नाताळात येणार होता. मात्र मध्येच त्याचे इंजिन बदलण्याचा निर्णय झाला. इंजिन म्हणजे खेळातील दृश्ये, प्रकाश आणि हालचाली यांचे गणित सांभाळणारा मूळ सांगाडा. तो बदलणे म्हणजे घर बांधून होत आले असताना पाया नव्याने घालणे. दरम्यान अनेक सहकारी कंपनी सोडून गेले. मे २००० मध्ये खेळ आला, तोवर प्रतिस्पर्धी कितीतरी पुढे गेले होते. रेंगाळलेला चित्रपट कथेच्या बळावर तरू शकतो. रेंगाळलेला खेळ तंत्रानेच जुना ठरतो. पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीच्या ऑस्टिन शाखेचा, वॉरेन स्पेक्टर यांच्या नेतृत्वाखालील ‘डेअस एक्स’ आला आणि वाखाणला गेला. डॅलसचे कार्यालय २००१ मध्ये बंद पडले. त्या जाहिरातीबद्दल रोमेरो यांनी पुढे जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

लोकवर्गणीचे ओझे

जपानचे केजी इनाफुने हे ‘मेगामॅन’ या खेळमालिकेमुळे ख्यातकीर्त झाले. कॅपकॉम कंपनी सोडल्यावर २०१३ मध्ये त्यांनी ‘मायटी नंबर नाइन’साठी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली. मागणी ९ लाख डॉलरची होती. ६७ हजारांहून अधिक चाहत्यांनी सुमारे ३८ लाख डॉलर दिले. वर्गणी वाढली तशी आश्वासनेही वाढली. एकच खेळ अनेक प्रकारच्या यंत्रांवर देण्याचे कबूल केले गेले. तारखा पुढे ढकलत खेळ जून २०१६ मध्ये आला आणि समीक्षकांनी त्याला सामान्य ठरवले. येथे दुखावलेले लोक केवळ ग्राहक नव्हते. त्यांनी खेळ न पाहता, नावाकडे पाहून पैसे दिले होते.

नाव हेच तारण

या तिन्ही घटनांचा धागा एकच आहे. खेळ तयार होण्याआधीच त्याचा सौदा झाला होता. वॉरशॉ यांच्या बाबतीत चित्रपटाचे नाव विकले गेले, तर रोमेरो आणि इनाफुने यांच्या बाबतीत स्वतःचे. डहाणू-घोलवडचा चिकू बाजारात नावावर खपतो. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या नावाने विकलेली एक पेटी खराब निघाली, तर ग्राहक बोर्डीतील नेमक्या वाडीची चौकशी करीत नाही, नावालाच दोष देतो. खेळांच्या बाजारातही मुदत कोणी ठरवली आणि पैसा कोणी आखडला, हे ग्राहकाला दिसत नाही. त्याला वेष्टनावरचे नाव तेवढे दिसते.

आपल्याकडचा अनुभव

मुंबईत इंडियागेम्स ही कंपनी उभारणारे विशाल गोंडल यांच्या ‘फौजी’ या खेळाची घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये, पबजी मोबाइलवरील बंदीनंतर दोनच दिवसांनी झाली. अभिनेते अक्षय कुमार यांचे नाव त्याला जोडलेले होते. पबजीला हा पर्याय नव्हे, असा खुलासा होऊनही अपेक्षा तशीच राहिली. २६ जानेवारी २०२१ रोजी आलेल्या खेळात प्रारंभी प्रामुख्याने हातघाईची लढाईच होती, परस्परांविरुद्ध खेळण्याची सोय नव्हती. वापरकर्त्यांचे गुणांकन झपाट्याने घसरले. मात्र गोंडल यांचा आरोग्यविषयक व्यवसाय स्वतंत्र असल्याने त्यांची सारी पत या एका खेळावर लागलेली नव्हती.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सकडे असा आधार नव्हता. ‘राजी’ या त्यांच्या खेळासाठी २०१७ मध्ये केलेले लोकवर्गणीचे आवाहन अयशस्वी ठरले. संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी काम चालू ठेवण्यासाठी स्वतःचे घर विकले. पुढे एपिक या अमेरिकी कंपनीचे अनुदान मिळाले. २०२० मध्ये खेळ आला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. हा खेळ पडला असता, तर नावाबरोबर छप्परही गेले असते.

या व्यवसायात उतरणाऱ्या तरुणांनी म्हणूनच कौशल्याइतकेच लक्ष कराराकडे द्यायला हवे. मुदत कोण ठरवणार, ती चुकल्यास खर्च कोण सोसणार आणि जाहिरातीत काय कबूल केले जाणार, हे आधी लेखी ठरलेले बरे. नाव कमवायला दहा वर्षे लागतात. ते तारण ठेवण्याचा निर्णय मात्र पुष्कळदा एका बैठकीत होतो, आणि त्या बैठकीला ज्याचे नाव, तो असतोच असे नाही.