गोठ्यांतील झिजलेला कोबा

घरांत सकाळीं तापणाऱ्या दुधाच्या शुद्धतेची काळजी प्रत्येक गृहिणी वाहते. परंतु ज्या जमिनीवर उभी राहून म्हैस तें दूध देते, त्या जमिनीचा विचार क्वचितच कोणाच्या मनांत येतो. १९४९ सालीं मुंबईच्या म्हशींसाठीं आरे येथें दुग्धवसाहत वसविण्यांत आली. अशा ठिकाणीं पुष्कळ जनावरें एकत्र राहतात, म्हणून धुतां येणारा सिमेंट-काँक्रीटचा कोबा तेथें सोयीचा ठरतो.

हा कोबा दगडासारखा दिसला, तरी अक्षय नव्हे. सिमेंटमध्यें चुन्याचा अंश असतो. सांडलेलें दूध व ओला चारा आंबून जें आम्ल उत्पन्न होतें, तें हा अंश हळूहळू विरघळवितें. मग खुरांच्या घर्षणानें वाळू सुटते. कोठें खड्डा पडतो, कोठें जमीन गुळगुळीत होते. खड्ड्यांत शेण व मूत सांचून जंतु वाढतात; म्हैस तेथेंच बसते आणि कासेस दाह होण्याचा संभव वाढतो. गुळगुळीत जागीं मागचे पाय फांकून पडलेलें जड जनावर तर कधीं कधीं पुन्हां उठतच नाहीं.

झिजलेल्या भागावर सिमेंटचा पातळ थर सारविणें हा सोपा वाटणारा उपाय व्यर्थ होय. शेणानें माखलेल्या भुसभुशीत पृष्ठास नवें सिमेंट धरत नाहीं. त्याचे लवकरच पापुद्रे निघतात. म्हणून कठीण भाग लागेपर्यंत, निदान २ इंच खोल, जुनें काँक्रीट छिन्नीनें काढावें आणि खड्ड्याच्या कडा उभ्या तोडाव्या. जागा घासून धुवावी, रात्रभर ओली ठेवावी व सांचलेलें पाणी टिपून घ्यावें. त्यावर सिमेंटचें पातळ कालवण कुंचल्यानें फांसावें. तें वाळण्यापूर्वींच १ भाग सिमेंट, २ भाग वाळू व ३ भाग बारीक खडी यांचें घट्ट मिश्रण ठोकून भरावें. गटाराकडे उतार राखावा, आणि पृष्ठभाग घोटून चकचकीत न करतां खराट्यानें खरखरीत करावा. जो कोबा मजबूत असून केवळ गुळगुळीत झाला आहे, त्यास उथळ खांचा पाडल्या तरी पुरते.

खरी कसोटी यापुढें असते. काँक्रीट सुकून नव्हे, तर पाण्याशीं होणाऱ्या रासायनिक क्रियेनें कठीण होतें. यास्तव त्यावर ७ दिवस ओलें गोणपाट ठेवावें आणि तोंवर म्हशी अन्यत्र बांधाव्या. ताज्या सिमेंटचा क्षार खुरांना व कासेलाही पोळतो. गोठेवाल्यास हा आठवडा महाग वाटतो, कारण जागा अडते व धार मात्र रोज काढावी लागते. तथापि घाईनें बुजविलेला खड्डा पुन्हां उघडा पडतोच. आणि त्याची किंमत प्रथम म्हशीस व मागाहून दूध घेणाऱ्या घरास मोजावी लागते.