आयोगाच्या हाती काय असतं?
पोलीस कोठडीत कुणाचा मृत्यू झाला, तर २४ तासांच्या आत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवावं लागतं. १९९३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या आयोगाने हा दंडक त्याच वर्षी घातला. साक्षीदारांना समन्स काढणं, कागदपत्रं मागवणं हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार चौकशीपुरते त्याला आहेत. शिक्षा मात्र देता येत नाही. भरपाईची, खटला भरण्याची शिफारस तेवढी करता येते. सरकारने ती बासनात गुंडाळली, तर आयोग उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. सशस्त्र दलांविरुद्धच्या तक्रारीत तर केंद्राकडून अहवाल मागवायचा आणि त्यावर शिफारस करायची, एवढंच. हे मला खटकतं. तक्रार करणं मात्र सोपं आहे: तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, अर्ज मराठीतही चालतो. फक्त घटनेला वर्ष उलटू देऊ नये.